शेजारच्या बाईचं दुखणं

लग्न होऊन मी मिरजगावात आले, त्याच दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं की या घरात दुपारचं कुणी आडवं होत नाही. त्यांचं नाव साळूबाई. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना, रंगनाथरावांना, मामा. आत्या बुटक्या, अंगानं काटक. चालायला लागल्या की बरोबरच्याला पळावं लागे. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. भाकरी चांगली झाली तर त्या काही न बोलता आणखी एक मागून घेत. मला नावानं हाक मारत नसत. नगरजवळचं केडगाव माझं माहेर, म्हणून मी केडगावकरीण.

माझे मालक कानिफनाथ उत्तरेकडच्या एका साखर कारखान्यावर हंगामी कामाला होते. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की ते जायचे आणि उन्हाळा तापल्यावर परत यायचे. ते घरी आले की मामांबरोबर शेतात. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी माझी कूस उजवली नव्हती. आत्या त्यावरून मला कधी टोचून बोलल्या नाहीत, पण गावातल्या बायका त्यांना विचारायच्या आणि त्या विचारणं संपेपर्यंत जमिनीकडं बघत बसायच्या. शेवटी एकाहत्तर सालच्या माघात त्यांनी ठरवलं की मला नगरला दाखवायचं.

नगरला बायकांचा एक जुना दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई पुष्पावती साळवे गावाकडच्या बायकांशी गावाकडचं बोलायच्या, म्हणून कर्जत-जामखेडकडच्या बायका त्यांच्याकडंच जायच्या. त्यांनी मला तपासलं, मग आत्यांना आत बोलावलं. मुलगा काय करतो, घरी किती असतो, असं विचारलं. आत्यांनी सगळं सांगितलं.

"सुनेत काही दोष नाही," बाई म्हणाल्या. "अर्धं वर्ष नवरा घरात नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही त्याला शेतात राबवता. मूल यायचं कुठून, साळूबाई?"

आम्ही उठलो. दारापर्यंत गेल्यावर आत्या थांबल्या, पदर नीट केला आणि भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत बोलू लागल्या.

"आमच्या शेजारी एक बाई हाय. तिला अंगावरनं जातंय. आधी पांढरं जायचं, आता मधी मधी लाल दिसतंय. कंबर लई धरती तिची."

बाईंनी तिचं वय विचारलं, बाळंतपणं किती झाली ते विचारलं, लाल कधी दिसतं ते विचारलं. एक प्रश्न तर असा होता की मी तोंड भिंतीकडं फिरवलं. आत्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकदाही आठवायला थांबल्या नाहीत, एकदाही विचारून सांगते म्हणाल्या नाहीत. ती शेजारची बाई कोण, ते मला हळूहळू उमगत गेलं.

"त्या बाईला म्हणावं, टेबल रिकामं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आजच बघून टाकू."

आत्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग कमरेची चंची काढून माझ्या हातात दिली आणि पडद्याआड गेल्या.

त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. बाईंनी सांगितलं की गर्भपिशवीच्या तोंडाशी एक जागा आहे, ती त्यांना बरी वाटली नाही. तिथलं पाणी काचेच्या पट्टीवर घेतलं होतं आणि कणभर तुकडाही काढला होता. ते तपासायला पुण्याला जाणार होतं. काही आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

एस. टी.त आत्या खिडकीशी बसल्या. घोगरगाव मागं पडलं. मग म्हणाल्या की घरी यातलं काही सांगायचं नाही, दवाखाना तुझ्यासाठी होता, असंच लोकांना समजू दे. मी बरं म्हटलं. लोकांना तसंही तेच वाटत होतं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. आदल्या श्रावणापासून देवापुढचा दिवा आणि नैवेद्य त्यांनी माझ्याकडं दिला होता. मला वाटलं होतं, माझ्या हातून सेवा घडावी म्हणजे मूल होईल, असा त्यांचा हेतू असेल. कधी वाटायचं, त्या थकल्या. आता कारण कळलं. चार दिवस बाजूला बसून, न्हाऊन घरात यावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. अशा अंगानं देवाला शिवायला त्यांचा जीव धजेना. रोजच बाजूला बसल्या असत्या तर घर चाललं नसतं. म्हणून त्यांनी चूल धरली आणि देव सोडले. आणि हे सगळं त्या महिनोन्‌महिने एकटीनं करत राहिल्या, आम्ही सगळे त्यांच्या शेजारी बसून जेवत असताना.

पुण्याचा निकाल आला तेव्हा आम्ही पुन्हा नगरला गेलो. बाईंनी आत्यांना खुर्चीवर बसवलं आणि सावकाश समजावलं. तिथलं मांस बिघडायला लागलं होतं. कॅन्सर झालेला नव्हता, पण जागा तशीच ठेवली तर काही वर्षांनी होण्याची भीती होती. बिघडलेला भाग जाळून टाकला की खाली नवं मांस धरतं. पोट फाडायचं नाही, पिशवी काढायची नाही.

आत्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला, कॅन्सर. उठल्या आणि म्हणाल्या, घरी जायचं. बाईंनी अडवलं नाही. मला एवढंच म्हणाल्या की उद्या सकाळी मी इथंच आहे.

घरी जाणारी गाडी गाठायला त्या निघाल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. टांग्यात बसवून त्यांना केडगावला माझ्या माहेरी घेऊन गेले. सुनेच्या माहेरी असं अचानक पाहुणं म्हणून जाणं आत्यांना मुळीच रुचलं नाही. माझी आई छबूबाई शहाणी. तिनं काही विचारलं नाही. विहीणबाईंना रिकामं बसवत नाही हे तिला माहीत होतं. लिंबाच्या सावलीत घोंगडी टाकली आणि मटकी निवडायला सूप पुढं ठेवलं. आम्ही तिघी बसलो. अर्धी मटकी निवडून झाल्यावर आत्या बोलायला लागल्या.

"माझी थोरली बहीन हुती, लंका. तिला असंच झालं हुतं. पुढं पुढं वास यायला लागला, तवा तिला गोठ्यात ठिवली. तिच्या घरचं कोन जवळ जायचं न्हाई. मी जायची तिला धुवायला." हात सुपात चालूच होते. "तवापासनं त्यो वास माझ्या नाकात हाय. मी रोज सकाळी माझं लुगडं हुंगून बघती. इजे, तू माझ्याशेजारी निजतीस. तुला आला का कधी?"

त्यांनी मला नावानं हाक मारली, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

"नाही आला, आत्या."

"माझ्यासाठी म्हनून सांगू नगंस."

"आला असता तर मीच तुम्हाला नगरला आणलं असतं. तुम्ही मला आणाल याची वाट मी बघितली नसती."

आई मटकी निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली की लंकाबाईंचं कुणी वेळेवर बघितलंच नव्हतं, तुमचं बघितलंय, एवढा फरक आहे. आत्यांनी उरलेली मटकी निवडून संपवली. सूप पाखडलं, खडे वेगळे केले आणि आईला म्हणाल्या की तुमची मटकी चांगली आहे, आमच्याकडं यंदा किडली.

सकाळी मी उठले तेव्हा त्या अंघोळ करून, लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या.

आता अशा जागेवर लेझरचा किरण सोडतात. माझ्या भाचीवर पुण्यात तो उपचार झाला. ती दुपारी घरी आली आणि संध्याकाळी तिनं स्वतः चहा केला. एकाहत्तर साली लेझर आमच्या कानावरही आला नव्हता. बाईंकडं विजेवर तापणारी एक सळई होती, लिहायच्या टाकाएवढी, पुढं तारेचं टोक. ते लालबुंद व्हायचं. आत्यांनी ते बघितलं आणि सुनेला आत येऊ द्या म्हणाल्या. बाईंनी मला उशाशी उभं केलं. पायाकडं चादरीचा पडदा होता. इंजेक्शन देऊन जागा बधिर केली होती.

आत्यांनी माझं मनगट धरलं. सुरुवातीला त्या मला कामं सांगत होत्या. तुरीच्या शेंगा अजून खळ्यावर आहेत, म्हशीला अंबोण घालताना मामा सरकी विसरतात, असलं काहीबाही. मग चर्र आवाज झाला आणि धुराचा वास आला. त्यांचं बोलणं थांबलं.

"माझंच मास जळतंय व्हय, बाई?"

"बिघडलेलं तेवढंच," पडद्याआडून बाई म्हणाल्या.

"मग जळू द्या."

पोटात कळ आली असावी, कारण मनगटावरची पकड घट्ट झाली आणि माझ्या बांगड्या वाढल्या. काचा खाली पडल्या, थोडं रक्त आलं. मी हात काढून घेतला नाही. आत्यांचे डोळे मिटलेले होते आणि कडेनं पाणी ओघळून कानात जात होतं. ते मी पदरानं टिपलं. त्यांच्या चेहऱ्याला माझा हात लागायची ती पहिलीच वेळ.

उपचार संपला. बाईंनी तासभर पडून राहायला सांगितलं. उठल्यावर त्यांचं लक्ष माझ्या मोकळ्या मनगटाकडं गेलं. त्या चपापल्या. माझा नवरा परगावी आणि मी अशी भुंड्या हातांची त्यांच्यापुढं उभी. दवाखान्याबाहेर कासाराचं दुकान होतं. कंबर धरून, पाय फाकवत त्या माझ्याआधी तिथं पोचल्या आणि हिरवा चुडा भरून झाल्याशिवाय टांग्यात बसल्या नाहीत.

आईनं निरोप धाडला, तसे मामा दोन दिवसांनी केडगावला न्यायला आले. दवाखान्यात बाईंनी त्यांना एकट्यांना आत बोलावलं. ते टोपी हातात धरून गेले आणि कानापर्यंत लाल होऊन बाहेर आले. काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही, पण घरी पोचल्यावर त्यांनी आपलं अंथरूण गोठ्याजवळच्या पडवीत नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर चुंबळ ठेवून विहिरीवर गेले. बाईंनी दीड महिना वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. आमच्या गावात बाप्या माणसानं घागर डोक्यावर घेऊन पाणी भरलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. बायका बाजूला झाल्या, पोरं मागं लागली. पारावर कुणीतरी त्यांना रंगूबाई म्हणून हाक मारली. मामा थांबले आणि त्याला विचारलं की तुझ्या घरी पाणी भरायचं राहिलंय का, तुझंही आणतो. मी भरते म्हटलं तर मलाही भरू देईनात. म्हणायचे, तू तिच्याजवळ थांब. दहाव्या-बाराव्या दिवशी खपली पडून आत्यांना जरा जास्त गेलं, तेव्हा ते दारात उकिडवे बसून राहिले होते. बाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. मामा घाबरले होते.

पण गावाला काहीतरी कळतंच. नगरच्या दवाखान्यात कुणाचीतरी पिशवी जाळली, एवढं कुठूनसं फुटलं. दवाखाना माझा, म्हणजे पिशवीही माझीच. केडगावकरणीची पिशवी जाळली, आता तिला कधीच मूल होणार नाही, रंगनाथनं पोराचं दुसरं लग्न करावं, असं बोललं जाऊ लागलं. मला ते पिठाच्या गिरणीत ऐकू आलं. मी घरी सांगितलं नाही. आत्यांना शब्द दिला होता, आणि ज्यांनी तो घेतला त्यांच्यापुढंच रडायचं मला बरं वाटेना.

चैत्रात आत्यांच्या चुलत जावेच्या, रतनबाईंच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही दोघी गेलो. पाळण्याभोवती बायका जमल्या. एकीनं बाळाला खालून दिलं, दुसरीनं वरून घेतलं, नाव कानात सांगायला सवाष्णी पुढं बोलावल्या. मी पुढं झाले तशी रतनबाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि गोड आवाजात म्हणाल्या की तू राहू दे गं, तुझ्या तब्येतीला दगदग नको. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मी मागं सरकून भिंतीशी उभी राहिले.

आत्या पान लावत बसल्या होत्या. पान खाली ठेवून उठल्या.

"रतने, हिच्या तब्येतीला काय झालंय?"

रतनबाई म्हणाल्या की काही नाही, आपलं ते दवाखान्याचं.

"त्यो दवाखाना माझा हुता," आत्या म्हणाल्या. मळ्यातून घरी हाक पोचवणारा तो आवाज, माजघरात सगळ्यांना ऐकू गेला. "जाळलं ते माझं. अंगावरनं जात हुतं, लाल दिसत हुतं. मी लाजेनं सुनंच्या नावावर टाकलं. ही पोरगी तुमचं सगळं ऐकून घिती आन् घरी येऊन मला भाकरी वाढती. तिची पिशवी चांगली हाय, डॉक्टरनीनं सांगितलंय. आता हिला पाळण्याला हात लावू द्या, न्हाईतर आमी दोघी जातो."

पाळण्याची दोरी कुणाच्या तरी हातात तशीच राहिली होती. मग बाळाच्या आईनं, रतनबाईंच्या सुनेनं, पाळणा माझ्याकडं वळवला. मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बाळाचा चेहरा त्या क्षणी मला नीट दिसतही नव्हता, डोळे इतके भरले होते. घरी जाताना मी आत्यांना काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी चालण्याचा वेग वाढवला.

त्यांना वाटलं होतं, आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी एक बाई ताक मागायला आली आणि बराच वेळ बसली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी. सगळ्यांच्या तोंडी कुणीतरी नणंद, कुणीतरी मावशी, कुणीतरी माहेरची ओळखीची. आत्या ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या की ती नणंद मंगळवारच्या नगरच्या गाडीला येईल का. पुढं रतनबाईही आल्या. त्यांनी तरी सरळ स्वतःचंच सांगितलं.

पावसाळा कोरडा जाऊन दिवाळीला माझे मालक कारखान्यावर निघाले, तेव्हा आत्यांनी त्यांच्या ट्रंकेशेजारी माझं गाठोडं आणून ठेवलं. तिकडं चाळीत खोली घ्यायची आणि दोघांनी राहायचं, असं ठरवून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, तुमचं कोण करील? त्या म्हणाल्या की मामांना आता सगळं येतं. खरंच येत होतं. मामांची भाकरी गोल व्हायची नाही, पण भाजलेली असायची.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बहुतेक बायका सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. मी सात महिन्यांची पोटुशी होऊन परत आले होते. आत्याही कामावर जायच्या, पण मुकादमानं त्यांना झाडाखाली तान्ही पोरं सांभाळायला बसवलं होतं. पोराला पाजायला येणारी प्रत्येक बाई त्यांच्या तावडीत सापडायची. पाजणं होईपर्यंत ती उठून जाऊ शकत नसे आणि तेवढ्यात आत्या तिला सगळं विचारून घ्यायच्या. मुकादम भिमाजी लाजून लांब जाऊन उभा राहायचा.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. वस्तीवरची मालनबाई आली तेव्हा उशीर झालेला होता. पुष्पावतीबाईंनी तिला पुण्याला पाठवलं, पण तिथूनही परत पाठवलं. शेवटचे महिने आत्या रोज तिच्याकडं जायच्या, गरम पाण्यानं धुवायच्या, केस विंचरायच्या. तिच्या घरच्यांना त्यांनी तिची खाट ओसरीवरून हलवू दिली नाही. मालनबाई गेली त्या दिवशी त्या घरी येऊन चुलीशी बसल्या, मी दिलेला चहा प्यायल्या आणि माझ्या मुलाला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या.

त्या स्वतः दरवर्षी माघात तपासायला जायच्या. जागा भरून आली होती, पुन्हा काही निघालं नाही. देवापुढचा दिवा त्यांनी परत मागितला नाही. त्या म्हणाल्या की देव आता तुझ्या हाताला सरावलेत. पुढं त्या खूप जगल्या, पतवंडं बघितली, आणि वय झाल्यावर चार दिवस ताप येऊन गेल्या.

मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्यांची चौऱ्याहत्तर सालची नगरची फेरी. पुष्पावतीबाईंनी तपासून सांगितलं की सगळं चांगलं आहे, आता दरवर्षी यायची गरज नाही, दोन-तीन वर्षांनी आलात तरी चालेल. मला वाटलं, आत्यांना हायसं वाटेल. त्यांचं तोंड उतरलं. माळीवाड्याच्या स्टँडवर रसवंतीत बसून दोघींनी एक एक ग्लास घ्यायचा, केडगावला छबूबाईकडं मुक्काम करायचा, तिच्याशी मटकीच्या वाणावरून वाद घालायचा, हे सगळं त्या दवाखान्याच्या जोरावर चालायचं. गाडीत त्या खिडकीशी बसल्या. घोगरगाव आलं तेव्हा म्हणाल्या, "इजे, आपल्या रतनीच्या सुनंची कंबर दुखती ना गं? तिला घिऊन येऊ पुढल्या मंगळवारी."

मी म्हटलं की तिची कंबर दुखते ती पोराला कडेवर घेऊन घेऊन.

"असू दे," आत्या म्हणाल्या. "दाखवल्यालं बरं."